रफूताईंचे मऊ रुमाल

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. कोणाच्या घरी भांडी आपटली, कोणाच्या मुलाने नोकरी सोडली, कोण केसांना कलप लावतं आणि लावून वर नाही म्हणतं, सगळं इस्त्रीच्या दुकानात येतं. कपडे येतात ना, त्यांच्या घड्यांतून बातम्या येतात. लोक मला तोंडावर 'काका' म्हणतात आणि पाठ वळली की 'भोंगा'. मला दोन्ही चालतं. तर या भोंग्याने आयुष्यात एकच गोष्ट पोटात ठेवली, चांगले सात महिने ठेवली, आणि नेमकी तीच ओकून टाकायला हवी होती.

ती गोष्ट रफूताईंची.

रफूताईंचं दुकान माझ्या दुकानाच्या बरोब्बर समोर. दोन बहिणी आत बसल्या की गिऱ्हाइकाने पायरीवर उभं राहून बोलायचं, एवढीच जागा. वरच्या मजल्यावर दोघी राहतात. थोरल्या त्या रफूताई, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. लग्नाचं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "काय करू हो, मला ज्याच्या-त्याच्यात भोक दिसतं." धाकटी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. तिला सगळी गल्ली 'धाकटी'च म्हणते. केस पांढरे व्हायला लागले तरी तिचं धाकटेपण काही संपलं नाही.

रफूचं काम मी फार जवळून पाहिलंय, कारण रफू झालेला कपडा शेवटी माझ्याकडेच इस्त्रीला यायचा. कोटाला ठिणगीने भोक पडलेलं असो की शाल उंदराने कुरतडलेली असो, ताई आधी तो कपडा उजेडात धरायच्या. मग उलटा करून आतल्या शिवणीतून, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून, त्याच कपड्याचे धागे उपसायच्या. एखादा धागा काडीने जाळून हुंगायच्या. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर, कागदासारखा आला तर सूत. मग मान खाली घालून तासन्‌तास एकावर एक धागा. बाहेरचा धागा लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. "रंग जुळला तरी उन्हात चुगली करतो," असं म्हणायच्या. भोक होतं हे कोणाला कळू नये, हाच सगळा धंदा. वर्षानुवर्षं असा धंदा केला की माणूस कपड्यापुरता थांबत नाही. स्वतःचंही झाकायला लागतो.

एक दिवस असं झालं, की धाकटीने घाई केली. एका गृहस्थाचा राखाडी कोट होता, तिने डब्यातला तयार धागा वापरला. गृहस्थाने पायरीवर उन्हात कोट धरला आणि म्हणाला, "हे दिसतंय की!" ताईंनी कोट हातात घेतला, बघितला, कात्री उचलली आणि त्या माणसासमोर धाकटीचं सगळं काम कचाकचा उसवून टाकलं. वर म्हणाल्या, "हे काम आमच्या दुकानातलं नाही. परवा या." धाकटी तिथेच बसलेली, सुई हातात.

मी समोरून पाहत होतो. खरं सांगायचं तर पुढचं भांडण चुकू नये म्हणून त्या दिवशी मी चहालासुद्धा गेलो नाही.

त्यांची दुकान बंद करायची पद्धत ठरलेली. संध्याकाळी सात वाजता धाकटी बाहेर येऊन आकड्याने शटर अर्धं ओढायची. मग ताई वाकून खालून बाहेर यायच्या आणि उरलेलं ओढून कुलूप लावायच्या. शटरची स्प्रिंग कधीचीच गेलेली. जोरात हिसका दिला की ते अर्ध्यावर थांबायचं नाही. त्या संध्याकाळी धाकटीने रागाने हिसका दिला आणि मागे न बघता चालू लागली. ताई नेमक्या तेव्हाच वाकून बाहेर येत होत्या. शटरची खालची लोखंडी पट्टी दोन भुवयांच्या मधोमध बसली.

धाडकन आवाज झाला. ताई आतल्या आत मागे बसल्या आणि त्यांनी धाकटीला एक हाक मारली. शटर उंबऱ्याजवळच्या स्टुलावर अडकून थांबलं, खाली हातभर फट राहिली. मी धावलो, शटर वर केलं. ताई जमिनीवर बसलेल्या, नाकातून थोडं रक्त, डोळे पाणावलेले.

"धाकटी कुठंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"गेली कोपऱ्यावरून वळून. बोलावू?"

"नको! तिला काही सांगू नका."

"अहो ताई, कपाळ बघा तुमचं. दवाखान्यात चला."

"काका, आई गेली तेव्हा ही दवाखान्यात खुर्चीवर डुलकी काढत होती. अकरा वर्षं झाली, अजून खुर्चीला पाठ टेकत नाही ती. हे कळलं तर जन्मभर स्वतःला खात बसेल. शपथ आहे तुम्हाला माझी. कोणाला म्हणजे कोणाला नाही."

आता बघा, मला त्या क्षणी काय वाटायला हवं होतं? काळजी वाटायला हवी होती. पण गल्लीतल्या भोंग्यावर कोणीतरी विश्वास टाकला, याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "ताई, माझ्या तोंडून अक्षर निघणार नाही." आणि निघालं नाही. दोघी बहिणी चार दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. कोणी कोणाच्या कपाळाकडे बघितलं नाही. ताईंनी केस पुढे ओढून घेतले आणि टेंगूळ आपलं आपण जिरलं.

तिसऱ्या आठवड्यात ताईंचं नाक गळायला लागलं.

एकच नाकपुडी, उजवी. एरवी काही नाही, पण मान खाली घातली की टप. सुईवर टप, कोटावर टप. पाण्यासारखं स्वच्छ. मला काय, आयतंच मिळालं. मी समोरून ओरडायचो, "ताई, वायसर गेलाय नळाचा! प्लंबर पाठवू?" ताई हसायच्या. दुधवालाही विचारायला लागला, "आज पाणी किती वाजेपर्यंत?" मग ताई रस्त्याकडे पाठ करून बसायला लागल्या. मला वाटलं, उजेड डोळ्यांवर येत असेल.

नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, लोकरीच्या धुळीची सर्दी आहे. गोळ्या झाल्या, थेंब झाले, वाफ झाली. एकदा ताई कपडे घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आज डॉक्टरांनी विचारलं, डोक्याला मार लागला होता का. धाकटी शेजारीच बसली होती. मी नाही म्हटलं."

आणि मी काय म्हणावं? मी म्हणालो, "बरं केलंत."

हे दोन शब्द मी अजून रोज ऐकतो. इस्त्री फिरवताना ऐकतो, दाढी करताना ऐकतो.

याच्यावर कडी म्हणजे रुमाल. ताईंचे रुमाल माझ्याकडे यायला लागले, आठवड्याला वीस-वीस. घाईघाईत न धुताच, नुसते वाळवलेले. सर्दीचा रुमाल मी डोळे मिटून ओळखतो. वाळला की पत्र्यासारखा कडक होतो, इस्त्रीखाली कुरकुरतो. ताईंचे रुमाल मऊ. नुसत्या पाण्यात बुडवून काढावेत आणि वाळवावेत, तसे. माझ्या हाताला हे सात महिने कळत होतं. हाताला कळत होतं आणि जीभ म्हणत होती, "ताई, तुमची सर्दी फार खानदानी हो! रुमालसुद्धा खराब करत नाही."

आणखी एक दिसत होतं. ताई जळलेला धागा आता स्वतः हुंगायच्या नाहीत, धाकटीच्या नाकाशी धरायच्या. "बघ गं, लोकर की सूत?" मला वाटलं, शिकवतायत.

सातव्या महिन्यात एका सकाळी धाकटी वरून धावत आली. "काका, ताई उठत नाहीये. अंग भाजतंय. डोकं धरून ओरडतेय, खिडकी लाव म्हणते, मान हलवता येत नाहीये." गाडी बोलावली, मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे सांगितलं, मेंदूच्या आवरणाला सूज आहे, जंतू चढलेत. दुसऱ्या दिवशी मी चहाचा थर्मास घेऊन गेलो तर ताई अर्धवट शुद्धीत, आणि बाहेर एक डॉक्टरीणबाई धाकटीशी बोलत होत्या. वयाने लहान, पण चष्म्यावरून बघायची पद्धत अशी, की माणसाने आपण होऊन खरं बोलावं.

"हे जंतू आत कुठून गेले, ते मला कळत नाहीये," बाई म्हणाल्या. "आधी काही आजार?"

"नाही. सर्दी तेवढी. सात महिने."

"डोक्याला मार? पडल्या कधी? अपघात?"

"छे!" धाकटी ठामपणे म्हणाली. "मी चोवीस तास तिच्याबरोबर असते. ठेच लागली तरी मला कळतं."

मी थर्मासच्या झाकणाकडे बघत होतो. शपथ ताईंची, आणि ताई तर आत तशा. भित्रा माणूस कडेकडेने येतो, तसा मी रुमालापासून सुरुवात केली.

"रुमाल कडक होत नाहीत," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाई गर्रकन वळल्या. "काय म्हणालात?"

"त्यांचे रुमाल. वाळले तरी मऊच राहतात. सर्दीचे तसे नसतात."

"तुम्ही कोण?"

"मी इस्त्रीवाला. समोरचा."

"पाणी एकाच बाजूने येतं का? मान खाली घातल्यावर?"

"उजव्या. हो."

"चव कशी लागते, काही म्हणाल्या?"

"घशात खारट उतरतं म्हणायच्या." मग मी डोळे मिटले. "आणि बाई, त्यांना शटर लागलं होतं. कपाळाला. सात महिन्यांपूर्वी. दुकान बंद करताना. मी पाहिलंय."

धाकटीने 'कुठलं शटर' असं विचारलं नाही. 'कुठल्या दिवशी' असंही विचारलं नाही. तिचा चेहरा कसा झाला ते मला माहीत नाही, कारण मी झाकणावरची नजर काढलीच नाही.

त्यानंतर सगळं भराभर झालं. नाकातल्या पाण्याची तपासणी केली, डोक्याची चित्रं काढली. ती सर्दी नव्हतीच. मेंदूभोवती जे पाणी असतं, तेच नाकातून गळत होतं. नाकाचं छत आणि मेंदूचा तळ यांच्यामध्ये पापुद्र्याएवढं हाड असतं, त्याला चीर गेली होती. त्या चिरेतून पाणी खाली येत होतं आणि त्याच वाटेने जंतू वर गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे पहिल्या महिन्यात कळलं असतं तर…" आणि समोर धाकटी आहे हे बघून थांबल्या. वाक्य अर्धंच राहिलं. उरलेलं मी मनातल्या मनात रोज पुरं करतो.

दोन-तीन आठवडे सलाइनमधून औषधं चालली. ताई शुद्धीवर आल्या, बसायला लागल्या, आणि मग ते भोक बुजवायचं ठरलं. कवटी उघडायची नाही, नाकातूनच दुर्बीण घालून करायचं. डॉक्टरीणबाई समजावून सांगायला आल्या तेव्हा मी होतो. वाटलं होतं ताई घाबरतील. छे! त्यांनी उलटतपासणीच घेतली.

"भोक केवढं?"

"चार मिलिमीटर."

"एवढंसं? आणि सापडणार कसं?"

"पाठीच्या मणक्यातून त्या पाण्यात रंग सोडायचा. चीर असेल तिथून हिरवट पाझरतो."

"म्हणजे उजेडात धरल्यासारखंच. बरं, ठिगळ कशाचं?"

"तुमच्याच मांडीच्या आतलं पातळ आवरण घेतो. बाहेरचं काही लावत नाही."

ताईंनी विजयी चेहऱ्याने आमच्याकडे पाहिलं. "आणि टाके?"

"तिथे टाके घालता येत नाहीत. एक थर हाडाच्या वरून सरकवायचा, एक खालून, वर नाकातलीच त्वचा फिरवून बसवायची. आतल्या पाण्याच्या दाबानेच ते चिकटून बसतं."

"दाबाने बसतं!" ताई म्हणाल्या. "बाई, हात चांगला आहे ना तुमचा?"

"तुमच्याइतका नसेल," बाई हसून म्हणाल्या, "पण या कामात बरा आहे."

शस्त्रक्रिया साडेतीन तास चालली. मी बाकावर, धाकटी उभी. बाक रिकामा होता, तरी उभी. शटरचं कळल्यापासून ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तासाभराने एकदम म्हणाली, "मी केस रंगवले, ते तुम्ही संध्याकाळच्या आत गल्लीभर केलंत."

मी मान खाली घातली.

"दुधवाल्याचा साखरपुडा मोडला, तो त्याच्या आधी तुम्हाला कळला होता. आणि हे? सात महिने?"

"ताईंनी शपथ घातली होती गं."

"आणि तुम्ही पाळलीत!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की पलीकडची नर्स बघायला लागली. "तुम्ही! सगळ्या जगात तुम्हीच!"

 

ठिगळ बसलं. ताई घरी आल्या त्या नियमांची यादी घेऊन. सहा आठवडे वाकायचं नाही. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून द्यायची. जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही, झोपायचं ते तीन उशांवर. ताई दुकानात न्यायाधीशासारख्या ताठ बसायच्या आणि शिंक आली की आख्ख्या गल्लीला समजायचं. मान खाली घालायची नाही म्हणजे रफू धाकटीनेच करायचं. ताई नुसत्या बघायच्या. धाकटी आतल्या शिवणीतून धागा उपसायची, चुकायची, स्वतःच उसवायची, पुन्हा घालायची. ताईंनी कात्रीला हात लावला नाही. बाहेरचे लोक म्हणायचे, किती माया! मला मात्र दिसत होतं, की धाकटी रात्री झोपत नाही. डोळ्यांखाली काळं आलं होतं. पाणी पुन्हा गळलं तर परत सगळं पहिल्यापासून, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. दिवसातून दहा वेळा ती ताईंच्या नाकाकडे चोरून बघायची.

सहा आठवड्यांनी तपासणी. आम्ही तिघंही गेलो. ताईंना खुर्चीवर बसवून डोकं गुडघ्यांपर्यंत खाली घालायला लावलं, खाली पांढरा कागद. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत मी आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ न बोलता बसलो. धाकटीने टेबलाची कड घट्ट धरली होती. कागद कोरडा राहिला. मग बाईंनी दुर्बीण घालून पडद्यावर ताईंना त्यांचं स्वतःचं ठिगळ दाखवलं. ताईंनी बारीक डोळे करून पाहिलं. "कडेला जरा जाड राहिलंय," म्हणाल्या. बाई खो-खो हसल्या.

"आणि वास?" ताईंनी विचारलं.

बाईंचं हसू थांबलं. "तो येईलच असं सांगता येत नाही. मार लागला तेव्हाच वासाच्या नसा तुटल्या असतील."

ताई "बरं" म्हणाल्या. बाहेर येऊन औषधांच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. आम्ही दोघं मागे, जिन्यापाशी.

"काका," धाकटी म्हणाली, "त्या दिवशी तिने मला हाक मारली होती."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? ऐकली मी. शटरचा आवाज ऐकला, हाक ऐकली. वाटलं, आता आणखी बोलणार. थांबले. आणि गेले." तिने नाक पुसलं. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं नाही बोलले काका. मला माहीत नव्हतं. पण सात महिन्यांत एकदा तरी विचारता आलं असतं, 'त्या दिवशी काय झालं गं?' नाही विचारलं. उत्तर नको होतं मला." मग माझा दंड धरला. "ताईला सांगू नका."

"नाही," मी म्हणालो. "माझ्याकडे आता जागा नाही ठेवायला. तू सांग. आत्ता. नाहीतर मी सांगतो, आणि मी सांगितलं तर दुधवाल्यापर्यंत जाईल."

ती गेली. मी दहा पावलं मागे राहिलो, पण कान मागे राहिले असं मी म्हणणार नाही.

धाकटीने काय सांगितलं ते पुरतं ऐकू आलं नाही. ताईंचं उत्तर आलं. "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"शटरखालच्या फटीतून तुझ्या चपला दिसत होत्या. थांबल्या होत्या. मग गेल्या."

धाकटी बघतच राहिली. "आणि तू सात महिने… अगं, मेली असतीस तू! बोलली का नाहीस?"

ताईंनी औषधांची पुडी पिशवीत टाकली. बराच वेळ पिशवीचं तोंड बांधत बसल्या.

"परक्या माणसासमोर मी तुझं काम उसवलं होतं," त्या म्हणाल्या. "वाटलं, मी कात्री लावली, तू शटर लावलंस. फिटलं."

"असं फिटतं होय काही!" धाकटी रडत म्हणाली.

"नाही फिटत," ताई म्हणाल्या. "कळलं मला. पण फार उशिरा कळलं."

बाहेर टॅक्सी उभी होती. दोघी मागे बसल्या. मी फुटपाथवर घुटमळत राहिलो. मी चालत येतो म्हणणार होतो. धाकटीने पुढच्या सीटवरची औषधांची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. या असं म्हणाली नाही, नको असंही म्हणाली नाही. मी बसलो.

टॅक्सीवाला बोलका होता. आरशातून बघत त्याने विचारलं, "काय हो, कोणाला काय झालं होतं?"

मला विचारलं होतं. आख्ख्या गल्लीत ज्याला विचारायचं असतं त्यालाच. मी मागे वळून दोघींकडे पाहिलं. ताई धाकटीकडे बघत होत्या आणि धाकटी पिशवीकडे.

"तिघांनाही जरा जरा," ताई म्हणाल्या.